लास व्हेगास : पर्यटकाच्या पैशाच्या घटत्या मोलाचा ऐतिहासिक अभ्यास (१९३१ ते २०२५)

प्रस्तावना :

एखाद्या पर्यटननगरीची भरभराट आणि तेथे येणाऱ्या पाहुण्याचे समाधान या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटात वसलेल्या लास व्हेगास या शहराचा इतिहास मात्र या गृहीतकाला छेद देतो. इ.स. २०२४ मध्ये नेव्हाडा राज्यातील कॅसिनोंनी जुगारातून सुमारे १५ अब्ज ६० कोटी डॉलर इतके विक्रमी उत्पन्न मिळविले. त्याच वर्षी लास व्हेगासला सुमारे ४ कोटी १७ लाख पर्यटक आले. ही संख्या २०१६ मधील ४ कोटी २९ लाखांपेक्षा कमी होती. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ती सुमारे ३ कोटी ८५ लाखांवर घसरली. उत्पन्नाचा उच्चांक आणि पर्यटकांची ओहोटी इतक्या लागोपाठ यावी, याचे उत्तर चालू घडामोडींत अंशतःच सापडते. त्यासाठी या शहराने आपल्या पाहुण्याशी केलेल्या अलिखित कराराचा इतिहास तपासावा लागतो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) लास व्हेगासच्या स्वस्त पाहुणचारामागील आर्थिक रचना स्पष्ट करणे.
२) ही रचना कोणत्या टप्प्यांनी बदलत गेली याचा शोध घेणे.
३) या बदलाचे सामान्य पर्यटक व शहरातील श्रमिक यांच्यावर झालेले परिणाम पाहणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वाळवंटातील वस्ती ते जुगाराचे शहर :

लास व्हेगासचा जन्म रेल्वेमुळे झाला. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने येथील भूखंडांचा लिलाव केला. १९३० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,१६५ एवढीच होती. १९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. महामंदीने खाणी व पशुपालन यांवर जगणारे नेव्हाडा राज्य डबघाईस आले होते. १९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अटही सहा आठवड्यांवर आणण्यात आली. जवळच हूव्हर धरणाचे बांधकाम सुरू झाल्याने हजारो मजुरांची वर्दळ वाढली. शेजारच्या राज्यांत जे निषिद्ध होते ते येथे कायदेशीर झाले. शहराकडे ना समुद्र होता, ना तीर्थस्थान, ना सुखद हवामान. त्याचे खरे भांडवल म्हणजे हा कायदेशीर अपवाद होय.

३ एप्रिल १९४१ रोजी थॉमस हल यांनी शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर एल रँचो व्हेगास हे हॉटेल सुरू केले. पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या रस्त्यावरील हे पहिले कॅसिनो-हॉटेल. २६ डिसेंबर १९४६ रोजी बग्झी सीगल या गुन्हेगारी जगतातील व्यक्तीच्या पुढाकाराने फ्लेमिंगो उघडले. त्यानंतर डेझर्ट इन (१९५०), सँड्स (१९५२), रिव्हिएरा (१९५५), ट्रॉपिकाना (१९५७), स्टारडस्ट (१९५८) आणि सीझर्स पॅलेस (१९६६) अशी हॉटेलांची मालिकाच उभी राहिली. फ्रँक सिनात्रा व त्यांच्या सहकलाकारांचे सँड्समधील कार्यक्रम हे या वैभवकाळाचे प्रतीक मानले जाते.

स्वस्त पाहुणचाराचे अर्थशास्त्र :

या वैभवाचा पाया मात्र एका साध्या हिशेबावर उभा होता. कॅसिनोच्या मजल्यावर जमा होणारा पैसा हाच हॉटेलचा खरा नफा; खोली, भोजन आणि मनोरंजन ही त्या मजल्यापर्यंत पाहुण्याला आणण्याची साधने. म्हणून ही साधने तोट्यात चालली तरी मालकाला त्याची खंत नव्हती. एल रँचो व्हेगासमध्ये १९४० च्या दशकात एका डॉलरमध्ये पोटभर भोजनाची जी प्रथा पडली, तीच पुढे लास व्हेगासचा ‘बुफे’ म्हणून ओळखली गेली. स्वस्त खोल्या, विनामूल्य वाहनतळ, खेळत असताना मिळणारे मोफत मद्य, नियमित खेळणाऱ्याला मिळणारे मोफत जेवण किंवा मुक्काम, अशी ही सारी व्यवस्था होती.

या व्यवस्थेत पाहुण्याला एक महत्त्वाची मुभा होती. किती खेळायचे हे तो स्वतः ठरवू शकत असे. कारखान्यातील कामगार, शिक्षिका किंवा निवृत्त जोडपे थोडेसे हरूनही दोन दिवस चैनीत घालवीत आणि आपण शहराला काहीसे फसविले अशा समाधानाने घरी परतत. अर्थात या चैनीची किंमत कोणीतरी मोजत होतेच. जुगाराच्या मेजावर मोठ्या रकमा गमावणाऱ्यांच्या पैशातून इतरांचा पाहुणचार होत होता.

त्या वैभवाची दुसरी बाजू :

या काळाचे स्मरणरंजनात्मक वर्णन करण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. अनेक कॅसिनोंच्या मालकीमागे संघटित गुन्हेगारी होती. सिनेटर एस्टेस केफॉवर यांच्या समितीने नोव्हेंबर १९५० मध्ये लास व्हेगासमध्येच सुनावणी घेतली होती. मोजणीच्या खोलीतून कर चुकवून परस्पर रोकड काढून नेण्याचे प्रकार पुढेही चालू राहिले. स्टारडस्टमधील असे प्रकरण १९७० च्या दशकात उघडकीस आले. जिथे जमाखर्चच खरा नव्हता, तिथे भोजनगृह तोट्यात आहे की नफ्यात, याची काटेकोर चौकशी होण्याचे कारण नव्हते. पाहुण्याला लाभलेले औदार्य काही अंशी या ढिलाईतून आलेले होते.

शिवाय हा पाहुणचार सर्वांसाठी नव्हता. स्ट्रिपवरील रंगमंच गाजविणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांना त्याच हॉटेलांत मुक्काम नाकारला जाई. मे १९५५ मध्ये सर्व वर्णांना खुले असणारे मूलाँ रूज हे कॅसिनो-हॉटेल सुरू झाले, पण काही महिन्यांतच ते बंद पडले. मार्च १९६० मध्ये जेम्स मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली मोर्चाचा इशारा देण्यात आला, तेव्हा कुठे स्ट्रिपवरील वर्णभेद मागे घेण्याचे मान्य झाले. ज्याला ‘सुवर्णकाळ’ म्हटले जाते, त्याची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती, हे ध्यानात ठेवूनच पुढील ऱ्हासाचे मोजमाप केले पाहिजे.

मालकीतील बदल आणि नवा हिशेब :

१९६६ च्या अखेरीस उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेस डेझर्ट इनमध्ये मुक्कामास आले आणि १९६७ मध्ये त्यांनी ते हॉटेलच विकत घेतले. त्याहून दूरगामी ठरले ते १९६७ व १९६९ चे नेव्हाडातील कायदे. तोपर्यंत कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाला परवाना आवश्यक असल्याने सार्वजनिक कंपन्यांना या धंद्यात उतरणे अशक्यप्राय होते. ही अट शिथिल झाली आणि शेअर बाजारातील भांडवलाला दार उघडले. गुन्हेगारी मालकी हटविण्याच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच होता. मात्र त्याबरोबर प्रत्येक विभागाचा स्वतंत्र ताळेबंद आला. खोली, भोजनगृह, नाट्यगृह यांनी आपापला नफा दाखविलाच पाहिजे, हा विचार क्रमाने रुजला.

तरीही केवळ कंपनीकरणाने पाहुणचार महागला, असे म्हणणे अपुरे ठरेल. १९७० व १९८० च्या दशकांत सर्कस सर्कससारख्या हॉटेलांनी कंपनीच्या शिस्तीतच मध्यमवर्गीय कुटुंबांना स्वस्त खोल्या व भोजन दिले. खरे वळण २२ नोव्हेंबर १९८९ रोजी आले. स्टीव्ह विन यांनी सुमारे ६३ कोटी डॉलर खर्चून उभारलेले मिराज त्या दिवशी सुरू झाले. आलिशान खोल्या, महागडी भोजनगृहे व भव्य प्रयोग यांच्यासाठी लोक स्वतंत्र पैसे मोजतील, हे त्याने सिद्ध केले. १९९८ मध्ये सुमारे १ अब्ज ६० कोटी डॉलरचे बेलाजिओ उभे राहिले. मिराजसमोरील कृत्रिम ज्वालामुखी व बेलाजिओची कारंजी पाहण्यास पैसे पडत नसत; त्यामुळे बदलाची झळ त्या वेळी फारशी जाणवली नाही. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांच्या एकूण उत्पन्नातील जुगाराचा वाटा निम्म्याखाली आला. पाहुणचार हे साधन राहिले नाही. तोच विक्रीचा माल झाला.

स्पर्धेचा संकोच व आकारणीचे युग :

एमजीएमने २००० मध्ये मिराज समूह आणि २००५ मध्ये मँडले समूह ताब्यात घेतला. २००५ मध्येच हॅराज कंपनीने सीझर्स विकत घेतले. परिणामी स्ट्रिपवरील बहुतांश मोठी हॉटेले दोन कंपन्यांच्या हाती एकवटली. पूर्वी शेजारचे हॉटेल स्वस्त जेवण देते म्हणून आपणही द्यावे, ही ओढ असे. शेजारचे हॉटेलही आपलेच झाल्यावर ती ओढ उरली नाही.

याच काळात ‘रिसॉर्ट फी’ ही आकारणी पसरली. जाहिरातीत खोलीचे भाडे कमी दाखवायचे आणि हिशेबाच्या वेळी रोजची ठरावीक रक्कम सक्तीने जोडायची, असे तिचे स्वरूप होते. ‘आमच्याकडे अशी फी नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या सीझर्सनेही २०१३ मध्ये ती लागू केली. पुढे अनेक मोठ्या हॉटेलांत ती रोज ५० डॉलरच्या आसपास पोहोचली. जून २०१६ मध्ये एमजीएमने आपल्या हॉटेलांत वाहनतळासाठी पैसे घेण्यास सुरुवात केली व इतरांनी अनुकरण केले. ही रक्कम तुलनेने लहान असली तरी ‘गाडी लावा आणि आत या’ हे या शहराचे आद्य निमंत्रणच तिने मागे घेतले.

मालकी हक्कांच्या विभाजनाने या आकारणीला आणखी रेटा दिला. हॉटेल चालविणारी कंपनी एक आणि इमारतीची मालक दुसरी, अशी रचना रूढ झाली. २०१९ मध्ये बेलाजिओची वास्तू सुमारे ४ अब्ज २५ कोटी डॉलरला ब्लॅकस्टोनला विकली गेली आणि एमजीएम वार्षिक २४ कोटी ५० लाख डॉलर भाड्याने तेथे भाडेकरू झाली. हे भाडे मंदीतही चुकत नाही; ते अखेरीस पाहुण्याच्या बिलातूनच वसूल होते.

खेळाच्या मेजावरही हाच बदल घडला. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्याच दोन पत्त्यांत एकवीस गुण झाल्यास दहा डॉलरच्या डावावर पूर्वी पंधरा डॉलर मिळत. अनेक मेजांवर ते बारा करण्यात आले. एवढ्याशा बदलाने कॅसिनोचा सरासरी फायदा सुमारे १.४ टक्के-अंकांनी वाढतो. रूलेटच्या चक्रावर दोन शून्यांऐवजी तीन शून्ये आली, तेव्हा कॅसिनोचा फायदा ५.२६ टक्क्यांवरून ७.६९ टक्के झाला. म्हणजे खोली व भोजन यांचे पैसे वेगळे घेऊन शिवाय मेजावरही पूर्वीपेक्षा अधिक घेतले जाऊ लागले. जुन्या करारात एकाच्या बदल्यात दुसरे मिळत असे. नव्या करारात दोन्हीकडून वजावट होती.

अपवादाचा अंत आणि २०२० नंतरची स्थिती :

दरम्यान शहराचे मूळ भांडवल, म्हणजे कायदेशीर अपवाद, क्षीण होत गेला. मे १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो उघडला. १९८८ च्या संघीय कायद्याने अमेरिकेतील आदिवासी जमातींच्या भूमीवरील कॅसिनोंना चौकट मिळाली. २००० मध्ये लास व्हेगासचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या कॅलिफोर्नियानेही त्यांना मान्यता दिली. १४ मे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खेळांवरील पैज अनेक राज्यांत मोबाइलवर आली. जे घरापाशी मिळते त्यासाठी वाळवंटात जायचे, तर तेथे काहीतरी अधिक मिळाले पाहिजे. नेमके ते ‘अधिक’च आटत चालले होते.

कोविड साथीमुळे २०२० मध्ये पर्यटकांची संख्या सुमारे १ कोटी ९० लाखांवर आली. त्यानंतर अनेक बुफे पुन्हा उघडलेच नाहीत. हॉटेलच्या खोलीचा सरासरी दर २०१९ मध्ये सुमारे १३३ डॉलर होता. २०२४ मध्ये तो सुमारे १९३ डॉलर झाला. कमी पाहुणे आणि प्रत्येकाकडून अधिक वसुली, हे गणित काही काळ जमले. मिराज जुलै २०२४ मध्ये बंद झाले. ट्रॉपिकाना ऑक्टोबर २०२४ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले. जून २०२५ मध्ये पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ११.३ टक्क्यांनी घटली. कॅनडाशी बिघडलेले संबंध व आर्थिक अनिश्चितता ही त्याची तात्कालिक कारणे होत. तथापि त्याच उन्हाळ्यात काही हॉटेलांना रिसॉर्ट फी माफीच्या योजना जाहीर कराव्या लागल्या, यावरून दुखणे कोठे आहे याची जाणीव त्यांनाही झाली होती, असे दिसते. मे २०२५ पासून अमलात आलेल्या संघीय नियमाने सक्तीच्या आकारणीसह पूर्ण दर आधीच दाखविणे बंधनकारक केले. दर दिसू लागला, पण कमी झाला नाही.

या घसरणीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हॉटेलांतील सफाई कामगार, स्वयंपाकी व वाढपी यांच्या क्युलिनरी युनियनने संपाचा इशारा देऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांशी लाभदायक करार केला होता. परंतु करारातील वेतनदर चांगला असला तरी खोल्या रिकाम्या राहिल्या की कामाचे तास व बक्षिसी दोन्ही घटतात. मोजक्या श्रीमंत पाहुण्यांवर कॅसिनोचे उत्पन्न टिकू शकते; इतक्या मोठ्या शहराचा रोजगार टिकत नाही.

निष्कर्ष :

१) लास व्हेगासचा स्वस्त पाहुणचार हे जुगाराच्या नफ्यातून दिले जाणारे अनुदान होते. त्यात गुन्हेगारी मालकी व वर्णभेद यांचाही अंश होता.
२) पर्यटकाच्या पैशाचे मोल घटले ते शहर गरीब झाल्याने नव्हे. कंपनी मालकी, आलिशान हॉटेलांवरील प्रचंड भांडवल, स्पर्धेचा संकोच आणि इमारतींचे भाडे यांमुळे प्रत्येक सवलतीचे रूपांतर विक्रीयोग्य वस्तूत झाले.
३) जुगार सर्वत्र उपलब्ध होत असतानाच हा बदल झाल्याने शहराने आपला कायदेशीर अपवाद आणि आपला लौकिक ही दोन्ही आकर्षणे एकाच काळात दुबळी केली.
४) उत्पन्नाचे आकडे पर्यटननगरीच्या आरोग्याचे पुरेसे निदर्शक नाहीत. सामान्य पाहुणा पुन्हा यावासा वाटून परततो की नाही, हे त्या ताळेबंदात उशिरा उमटते.

थोडक्यात, लास व्हेगासमध्ये जिंकण्याची हमी पाहुण्याला कधीच नव्हती. हरल्यानंतरही आपला मान राखला गेला, ही भावना मात्र त्याला मिळत होती. शहराने गमावलेली खरी ठेव तीच असून, ती परत मिळविण्यासाठी केवळ दरातील तात्पुरती सवलत पुरेशी ठरण्याची शक्यता कमी आहे.