बॅकगॅमनची परिभाषा

बॅकगॅमन हा दोन खेळाडूंनी दोन फाशांच्या साहाय्याने खेळायचा बैठा खेळ आहे. इराणमधील नर्द हा त्याचा जवळचा आप्त होय. त्याची परिभाषा इंग्रजी असली, तरी सोंगट्यांच्या (सारीपाटाच्या) खेळातील पट, सोंगटी, दान, जुग हे मराठी शब्द तिच्यासाठी सहज वापरता येतात. जुन्या मराठीत सोंगटीला 'नरद' असेही म्हणत. हा शब्द फारसी 'नर्द'वरूनच आलेला आहे.

पट आणि सोंगट्या

पटावर २४ निमुळते त्रिकोण असतात. त्यांना इंग्रजीत 'पॉइंट' म्हणतात. मराठीत 'घर' हा शब्द योग्य ठरतो, कारण गुणांनाही पॉइंटच म्हटले जाते. मात्र शेवटच्या सहा घरांच्या चौथाईला 'होम बोर्ड' असे नाव असल्याने तेथे 'घर' हा शब्द टाळावा. पटाच्या मधल्या उभ्या पट्टीला 'बार' म्हणतात. प्रत्येकाकडे १५ सोंगट्या असतात. फाशावरील एका ठिपक्याइतकी चाल म्हणजे एक 'पिप'. डावाच्या आरंभी सर्व सोंगट्या पटाबाहेर नेण्यास प्रत्येकाला १६७ पिप लागतात.

एकटी सोंगटी आणि जुग

घरात एकटी असलेली सोंगटी म्हणजे 'ब्लॉट'. ती मारता येते. दोन वा अधिक सोंगट्यांचे घर प्रतिपक्षास बंद असते. सारीपाटातील जुगाशी याचे साम्य स्पष्ट आहे. अशी सहा घरे सलग बांधली, तर त्यांना 'प्राइम' म्हणतात. मागे अडकलेली सोंगटी ती भिंत ओलांडू शकत नाही.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील नवशिक्याचा लुडोशी परिचय आधी झालेला असतो. लोकलच्या प्रवासात मोबाइलवर लुडो खेळणारे नेहमी दिसतात. हाच परिचय येथे घात करतो. लुडोत मेलेली सोंगटी सहाच्या दानाची वाट पाहते आणि तोवर इतर सोंगट्या चालवता येतात. बॅकगॅमनमध्ये ती बारवर जाते. तेथून ती प्रतिपक्षाच्या होम बोर्डातील खुल्या घरात परत येईपर्यंत दुसरी कोणतीही सोंगटी हलवता येत नाही. सहाही घरे बंद असल्यास पाळी वाया जाते.

दान

दोन्ही फाशांवरील आकडे स्वतंत्रपणे चालायचे असतात. एकच सोंगटी दोन्ही आकडे चालली, तर मधले घर खुले असावे लागते. समान आकडे पडल्यास तो आकडा चार वेळा चालता येतो, पण लुडोतील सहाप्रमाणे पुन्हा दान टाकता येत नाही. सारीपाटातील प्रसिद्ध 'पौबारा' (६, ६, १) हे तीन फाशांचे दान असल्याने येथे पडूच शकत नाही.

डावाचा शेवट

सर्व १५ सोंगट्या होम बोर्डात आल्यावरच त्या पटाबाहेर काढता येतात. यास 'बेअरिंग ऑफ' म्हणतात. प्रतिपक्षाची एकही सोंगटी बाहेर निघालेली नसताना डाव जिंकल्यास तो 'गॅमन' होऊन दुप्पट मोजला जातो. त्याच वेळी हरणाऱ्याची एखादी सोंगटी बारवर किंवा जेत्याच्या होम बोर्डात अडकलेली असेल, तर तो 'बॅकगॅमन' म्हणजे तिप्पट धरतात. डावाची किंमत दुप्पट करणारा २ ते ६४ आकड्यांचा 'डबलिंग क्यूब' १९२०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये प्रचारात आला. दुपटीचे आव्हान न स्वीकारणारा खेळाडू चालू किमतीवर डाव सोडतो.