काचेच्या कड्यावर धडधडणारं हृदय

आजच्या भागासाठी साहित्य अगदी साधं आहे: कोंबडीचं अंडं आणि काचेचं एक कडं.

अंड्यात पिल्लू कसं घडतं हे जिवंतपणी बघायचं, तर अडचण बलकाची. कवचाला खिडकी पाडली तरी गर्भाखाली अपारदर्शक बलक, मग खालून उजेड सोडणार कसा? १९५५ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डेनिस न्यू यांनी तोडगा काढला. बलकाभोवतीचं पातळ आवरण गर्भासकट सोडवायचं, ढोलकीवर चामडं ताणतात तसं काचेच्या कड्यावर ताणायचं, खाली अंड्याचा पातळ पांढरा घालायचा आणि झाकून उबेत ठेवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पुढे हृदयाचं धडधडणंसुद्धा दिसतं!

पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावर असं काम केलं डॉ. लीला मुल्हेरकर यांनी. त्याआधी त्या एडिनबरोला होत्या, सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे. १९६० मध्ये त्यांचा शोधनिबंध आला: ट्रिपॅन ब्लू हा रंग अंड्याबाहेर वाढवलेल्या गर्भावर काय परिणाम करतो?

आता बघा, असा प्रश्न एका गर्भावर सुटत नाही. दोष दिसला, तर तो रंगामुळे आला की अंडंच खराब होतं? म्हणून एकाच वयाचे अनेक गर्भ लागतात. काहींना रंग द्यायचा, काहींना नाही. ऊब मात्र सगळ्यांना सारखी. पण डोळे एकाच माणसाचे. दर वेळी काच उबेतून बाहेर काढायची, तेवढ्यात गर्भ गार होणार. आणि दोन पाहण्यांच्या मधे जे घडलं, ते निसटलंच.

आजचा यांत्रिक सूक्ष्मदर्शक ही उणीव भरून काढतो. ९६ खळग्यांचं तबक उबेतच सरकतं आणि कॅमेरा पाळीपाळीने प्रत्येक खळग्याचा फोटो घेतो. अशा तबकाचा पूर्वजही जुनाच: हंगेरीच्या ग्युला ताकाची यांनी १९५१ मध्ये केलेला. यंत्रालाही मर्यादा आहे, बरं का. उजेड जास्त झाला तर पेशींना इजा होते.

सूक्ष्मदर्शकाचा इतिहास आपण भिंगांच्या आणि कॅमेऱ्यांच्या क्रमाने सांगतो. माझ्या मते त्यात या कड्यालाही जागा हवी. अनेक जीव एकाच वेळी, सारख्या स्थितीत जगवता आले, तरच त्यांच्या फोटोंची तुलना करण्यात अर्थ. ती जगवण्याची कला महागड्या यंत्रांच्या कितीतरी आधी हातांनी कमावलेली आहे.

भेटू पुढच्या भागात.