ट्रायकोग्रामा : एका चुकलेल्या नावाचा इतिहास

१/ पुणे जिल्ह्यातील उसाच्या फडात पानांच्या मागे टाचलेली ट्रायकोकार्डे दिसतात. त्यांतून निघणारी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. अळी जन्मण्यापूर्वीच कीड संपते. या मित्रकीटकाचे नाव मात्र अनेक दशके चुकीचे घेतले जात होते.

२/ १८३३ मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूड यांनी ट्रायकोग्रामा ही प्रजाती प्रस्थापित केली. तिच्यातील जाती बव्हंशी रंगावरून ओळखल्या जात. परंतु रंग तापमानानुसार पालटतो. परिणामी भारतातील जातीला कधी ‘मिन्युटम’, कधी ‘ऑस्ट्रॅलिकम’ अशी परकी नावे चिकटली.

३/ बंगळूर येथे सुधा नगरकट्टी व एच. नागराजा यांनी निरनिराळ्या माश्यांचे संकर घडवून पाहिले. नराच्या जननेंद्रियांची रचना हा ओळखीचा महत्त्वाचा निकष असल्याचे त्यांनी १९७१ मध्ये दाखविले.

४/ ‘ऑस्ट्रॅलिकम’ समजल्या गेलेल्या जातीला विजियानी यांनी १९७६ मध्ये नवे नाव दिले : ‘कन्फ्युझम’, अर्थात घोटाळ्यात सापडलेली! पुढे तीही इशी यांनी १९४१ मध्ये जपानमधून वर्णिलेली ‘चिलोनिस’च ठरली.

५/ प्रत्येक जातीला मानवणारी कीड आणि हवामान निराळे. चुकीची जात सोडली, तर शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो. उसासाठीच्या कार्डावर आज ‘चिलोनिस’ हे नाव निःशंकपणे लिहिता येते, ते सूक्ष्मदर्शकाखालील या परिश्रमांमुळेच.