मिशनरी भाषाशिक्षण

परदेशी सेवेस पात्र ठरण्यासाठी ख्रिस्ती धर्मप्रसारकाने घ्यावयाचे स्थानिक भाषेचे शिक्षण. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांना १८१२ मध्ये सेलम येथे धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली; तथापि १८१३ मध्ये मुंबईस आल्यावर त्यांना मराठी शिकावी लागली. धारणी परिसरात (अमरावती जिल्हा) मराठीही अपुरी पडे. कारण कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून तीत एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचनही आहे. छापील व्याकरणाच्या अभावी ती कोरकूंकडूनच शिकावी लागे. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने कोरकूचे व्याकरण सिद्ध केले (१९०३). धर्मप्रसारार्थ निर्माण झालेला हा ग्रंथ पुढे भाषाभ्यासकांसही आधारभूत ठरला.