एका डिस्कवरची दुअंमली

संगणक-दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हा निवाडा ज्या सहजतेने दिला जातो, त्या सहजतेने पुष्कळांची छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब आणि अर्धवट लिहिलेले प्रबंध कायमचे नाहीसे केले आहेत. आणि त्यांतील कितीतरी प्रसंगी तसे करण्याची काही एक गरज नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजच्या शेजारी लिनक्स नांदविण्याचा उद्योग मध्येच फसला, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करताच ओळखीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर एखादी अनोळखी ओळ उमटली, म्हणजे सर्वस्व गेले अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः अशा वेळी फायली बहुधा जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेले असते ते त्यांच्या हद्दींचे दफ्तर, किंवा त्या दफ्तरापर्यंत नेणारी अगदी छोटी आज्ञावली. हे दफ्तर कोणत्या हेतूने मांडले गेले आणि त्याच्या ताब्यावरून पुढे कोणकोणते तंटे झाले, हे ज्याला ठाऊक असेल त्याला मोडलेली व्यवस्था पूर्वपदावर आणण्याची वाटही सापडते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी तीन कार्यप्रणाली नेमल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपीएम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जन्मलेली पी-सिस्टीम. पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपीएम-८६ २४० डॉलरला विकली जाऊ लागल्यामुळे त्या स्पर्धेचा निकाल लवकरच लागला. पण जोवर प्रत्येक प्रणाली आपापल्या फ्लॉपीवर राहत होती, तोवर तंट्याला कारणच नव्हते, कारण जी फ्लॉपी खोबणीत सरकवावी तिचा त्या बैठकीपुरता अंमल, असा सरळ न्याय होता. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी हे यंत्र १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पोटात घेऊन आले, आणि एकाच स्थावर जागेवर अनेकांचा हक्क पोहोचण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

त्या यंत्राबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने या शक्यतेची तजवीज डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात केली. हा सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातील पहिले ४४६ बाइट यंत्र सुरू होताच चालणाऱ्या आज्ञावलीसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनांच्या नोंदींसाठी, आणि शेवटचे दोन बाइट हा सेक्टर खरा असल्याची ग्वाही देणाऱ्या ठरावीक खुणेसाठी राखलेले होते. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. प्रत्येक नोंदीत पार्टिशन कोठे सुरू होते, केवढे आहे, कोणत्या जातीचे आहे आणि सध्या अंमल त्याचा आहे की नाही, एवढाच मजकूर. चार निरनिराळ्या प्रणाली एका डिस्कवर राहतील आणि वापरणारा त्यांपैकी एकीवर अंमलाची खूण करील, अशी ही मूळची उदार कल्पना होती. तिच्यात एकच उणीव राहिली, आणि तिने पुढची तीस वर्षे लोकांना छळले: नोंदी चौघांच्या असल्या तरी ती ४४६ बाइटांची आज्ञावली मात्र एकच होती, आणि ती कोणाच्या ताब्यात असावी याविषयी कोठेही नियम नव्हता. जो शेवटी आला त्याने ती पुसून स्वतःची लिहावी, असा प्रघात पडला.

या दुअंमलीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग हेलसिंकीत घडला. लिनस टॉर्वाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या लिनक्सचे काम ज्या यंत्रावर चालविले होते, त्याच्या डिस्कवर मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम यांची अध्यापनासाठी रचलेली प्रणालीही नांदत होती, आणि लिनक्स अजून तिच्याच आधाराने उभी राहत होती. मोडेमद्वारा विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावण्याची आज्ञा त्याने एकदा नजरचुकीने मोडेमऐवजी हार्ड डिस्कच्या नावे दिली. फोनचे ते आकडे मिनिक्सच्या पार्टिशनावर लिहिले गेले आणि मिनिक्स निकामी झाली. ती पुन्हा बसविता आली असती. त्याने ते केले नाही. आता लिनक्सच पुरेशी समर्थ करावी, असे त्याने ठरविले, आणि ही हकीकत पुढे स्वतःच आत्मचरित्रात सांगितली. जगभरच्या असंख्य सर्व्हरांवर आज जी प्रणाली चालते, तिच्या पूर्वेतिहासात फसलेल्या सहवासाचा हा एक प्रसंग आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

लिनक्स अन्यत्र पसरू लागली तेव्हा विंडोज किंवा डॉस आधीपासून ठाण मांडून बसलेल्या यंत्रांत तिला शिरकाव हवा होता, आणि तो मिळवून देण्याचे काम वेर्नर आल्मेस्बर्गर यांनी लिहिलेल्या लिलो या बूट-लोडरने, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रणालीपर्यंत नेणाऱ्या आज्ञावलीने, केले. लिलोला फायलींची रचना वाचता येत नसे. लिनक्सचा गाभा डिस्कच्या कोणकोणत्या ठोकळ्यांवर आहे याची यादी तो आधीच करून ठेवी, आणि गाभा बदलून यादी नव्याने करायची राहिली की दुसऱ्या दिवशी यंत्र मुकाट बसे. पण आपण कोठे अडलो हे सांगण्याची त्याची रीत फार सुबक होती. स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरे तो पडद्यावर एकेक करून लिही: ‘एल’ उमटले म्हणजे पहिला टप्पा चालू झाला, ‘आय’ उमटले म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून आणला गेला, दुसरे ‘एल’ म्हणजे तो टप्पा कामाला लागला, आणि ‘ओ’ म्हणजे सर्व काही सुरळीत. पडद्यावर ‘एल-आय’ एवढेच दिसून यंत्र थबकले, की दुसरा टप्पा हाती आला पण चालविता आला नाही, हे जाणत्याला त्या दोन अक्षरांवरून कळे. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडींवरून ज्या भारतीय विद्यार्थ्यांनी हा उद्योग आरंभिला, त्यांची या अक्षरांशी चांगलीच ओळख होती, आणि लिनक्स बसविताना करून ठेवलेली बूट-फ्लॉपी ते जपून ठेवीत. कारण विंडोज ९५ किंवा ९८ नव्याने बसविली, की ती पहिल्या सेक्टरातील आज्ञावली कोणालाही न विचारता बदलून टाकी. लिनक्स डिस्कवर जशीच्या तशी असे, पण तिच्याकडे जाणारी वाट बुजलेली असे.

एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये आरंभिलेल्या ग्रबने लिलोची ती उणीव दूर केली, कारण ग्रबला फायलींची रचना स्वतः वाचता येते. पण त्यामुळेच एक नवा धोका उत्पन्न झाला. ग्रबचा अगदी थोडा भाग पहिल्या सेक्टरात आणि त्याच्या आसपास बसतो; उरलेला लिनक्सच्या पार्टिशनात राहतो. दुहेरी मांडणीचा कंटाळा आलेला, किंवा ती अर्ध्यावर फसलेला मनुष्य विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसून टाकतो, जागा मोकळी झाली म्हणून समाधान मानतो, आणि पुढच्या वेळी ‘नो सच पार्टिशन’ ही तक्रार व तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ असे दोन शब्द त्याच्यापुढे येतात. विंडोज तशीच असते, फायली तशाच असतात. पहिला सेक्टर मात्र पुसून टाकलेल्या घरी निरोप घेऊन जात असतो. यावरचा उपाय फार जुना आणि फार लहान आहे: डॉसच्या काळी एफडिस्कला दिली जाणारी आज्ञा, एक्सपीच्या काळी फिक्सएमबीआर, व्हिस्टापासून बूटरेक. या आज्ञा नोंदींच्या ६४ बाइटांना हात न लावता आज्ञावलीचे बाइट तेवढे नव्याने लिहितात. या कामासाठी सबंध डिस्क फॉरमॅट करणे हा निव्वळ अत्याचार आहे.

बूट-लोडरचा हा ताबा केवळ तांत्रिक बाब राहिली नाही. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या बी या कंपनीने बीओएस नावाची प्रणाली केली होती. हिताचीने काही यंत्रांवर ती विंडोजसोबत भरून दिली, पण सुरुवातीला दोहोंपैकी एक निवडण्याची सोय खरेदीदारापुढे येऊ दिली नाही. विंडोजच्या परवान्यातील अटींमुळेच हे घडते, असे म्हणत बीने फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. सप्टेंबर २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन, मात्र कोणताही दोष मान्य न करता, मायक्रोसॉफ्टने तो मिटविला. तोवर बी कंपनीचा कारभार आटोपला होता.

लॅपटॉपांचा काळ आला आणि मूळ प्रणालीची सीडी देण्याची रीत मागे पडली. तिच्याऐवजी उत्पादक डिस्कवरच एक लपलेले पुनःस्थापनेचे पार्टिशन ठेवू लागले. विंडोज ७च्या काळातील पुष्कळ लॅपटॉपांत बूटसाठी एक, विंडोजचे एक, पुनःस्थापनेचे एक आणि उत्पादकाच्या साधनांचे एक, अशा चारही नोंदी भरूनच येत. पाचव्याला जागा नाही हे न जाणता कोणी विंडोजमधून नवे पार्टिशन मागितले, तर विंडोज सर्व डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याची परवानगी मागे, आणि ती दिली की लिनक्स बसविणे दुर्घट होऊन बसे. कोणी जागेसाठी पुनःस्थापनेचेच पार्टिशन पुसले, म्हणजे परतीचा मार्गच पुसला. आणि नोंदीच नाहीशा झाल्या तर? क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हे साधन अशा वेळी डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचत जाते, प्रत्येक फाइल-रचनेच्या प्रारंभी असणाऱ्या खुणा शोधते, आणि त्यांवरून हरवलेल्या हद्दी पुन्हा आखून देते. मात्र एक अट आहे: बिघाड झाल्यानंतर त्या डिस्कवर दुसरे काही लिहिले गेलेले नसावे.

जुन्या पद्धतीला २ टेराबाइटांपलीकडची डिस्क पेलत नव्हती, आणि इंटेलने आरंभिलेल्या, पुढे यूईएफआय म्हणून रूढ झालेल्या नव्या पद्धतीने मूळचा तंटा तत्त्वतः मिटविला. जीपीटी या नव्या दफ्तरात साधारणतः १२८ नोंदी मावतात, ते अबाधित आहे की नाही हे पडताळण्याची सोय त्यातच असते, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. शिवाय प्रत्येक प्रणालीला एका सामाईक पार्टिशनात स्वतःचे वेगळे फोल्डर मिळते, त्यामुळे दुसऱ्याची आज्ञावली पुसण्याचे प्रयोजन उरत नाही. विंडोज ८पासून बहुतेक लॅपटॉपांचा परवाना-क्रमांक यंत्राच्या फर्मवेअरमध्येच नोंदलेला असतो, म्हणून तीच आवृत्ती पुन्हा बसविताना तो शोधत बसावा लागत नाही. नवी बंधने मात्र आली. सिक्युअर बूट मान्यताप्राप्त सही नसलेल्या बूट-लोडरला आत येऊ देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या लिनक्स बूट-लोडरांना अटकाव करणारा विंडोजचा एक बदल, दुहेरी यंत्रांना तो लागू होऊ नये अशी योजना असूनही, अनेक दुहेरी यंत्रांवर लागू झाला आणि तेथील लिनक्स सुरू होईना. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बूटच्या मांडणीत केलेला बदल पाहून ती ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती किल्ली नसेल तर टेस्टडिस्कही काही करू शकत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. दुसरी प्रणाली बसविण्यापूर्वी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, आणि मूळ प्रणालीचा रिकव्हरी पेन ड्राइव्ह चालू स्थितीतील यंत्रावरच करून घ्यावा. तरीही बिघाड झालाच, तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये. आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे कोणी म्हटले तर पार्टिशनांच्या नोंदी आधी तपासल्या का, हे त्याला विचारावे, आणि तपासल्या नसतील तर यंत्र घेऊन दुसऱ्या दुकानात जावे.