स्वरांचा वारसा : टोरांटोतील कँटनीज आणि पिढ्यांचे उच्चार

चिनी लिपी स्वरांची नोंद ठेवत नाही. ‘पुस्तक’ या अर्थाचे चिन्ह हाँगकाँगमध्ये वाढलेल्या आईने वाचले काय किंवा टोरांटोत जन्मलेल्या मुलाने वाचले काय, कागदावर ते एकच राहते. दोघांच्या तोंडचा स्वर एकच असेल असे मात्र नाही. म्हणून कँटनीजच्या स्वरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ग्रंथांचा पुरावा फार थोडा उपयोगी पडतो. जुने यमककोश शब्दांचे वर्ग सांगतात, प्रत्यक्ष उच्चार सांगत नाहीत. उरतात ती दोन साधने : परकीयांनी रोमन लिपीत केलेल्या नोंदी आणि अलीकडची ध्वनिमुद्रणे.

कॅनडातील कँटनीज असे सरसकट म्हणताना एक घोटाळा होतो. 1881 ते 1885 या काळात रेल्वेमार्गावर राबलेले चिनी मजूर बहुतांशी ग्वांगदोंग प्रांतातील चार तालुक्यांतून आले होते. त्यांची तोइसान व तत्सम बोली ग्वांगझौ-हाँगकाँगच्या बोलीहून बरीच वेगळी होती. 1885 मध्ये नव्याने येणाऱ्या चिनी स्थलांतरितांवर डोईपट्टी बसली आणि 1923 ते 1947 या काळात चिनी स्थलांतर जवळजवळ पूर्ण बंद राहिले. आज टोरांटोत जी कँटनीज ऐकू येते ती प्रामुख्याने 1967 च्या गुणाधारित प्रवेशपद्धतीनंतर, आणि विशेषतः 1984 चा चीन-ब्रिटन करार ते 1997 चे हस्तांतर या दरम्यान, हाँगकाँगहून आलेल्यांची. तेव्हा येथील स्वरबदल दीड शतकाचा नव्हे, एका पिढीच्या अंतराचा आहे. इतक्या थोड्या अवधीत तो घडावा, यातच त्याचे महत्त्व आहे.

टोरांटो विद्यापीठात नाओमी नेगी यांनी 2009 मध्ये वारसाभाषांतील बदलांचा जो प्रकल्प सुरू केला, त्यात प्रौढपणी आलेले स्थलांतरित ही पहिली पिढी आणि कॅनडात जन्मलेले किंवा अगदी लहानपणी आलेले ही दुसरी पिढी मानली आहे. त्यातील सुमारे तासाभराच्या मुलाखतींवर हॉलमन त्से यांनी स्वरांचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध 2019 चा. त्यांना दुसऱ्या पिढीतील काही भाषकांत दोन स्वर एकमेकांत मिसळलेले आढळले. एक आपल्या ओळखीचा ‘ऊ’. दुसरा मराठीत नाही : जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की तो उमटतो. ‘पुस्तक’ या शब्दात हाच स्वर आहे.

याचे सोपे स्पष्टीकरण लगेच सुचते : इंग्रजीत असा स्वर नाही, म्हणून तो गेला. ते चूक नाही. टोरांटोच्या इंग्रजीतील ‘ऊ’ तोंडात पुढे सरकलेला असल्याने कँटनीजचे दोन्ही स्वर एकाच इंग्रजी स्वराच्या कक्षेत येतात, असे मानण्यास जागा आहे. पण ते अपुरे आहे, कारण खुद्द कँटनीजची रचना या विलीनीकरणाला वाट करून देते. व्यंजनाने बंद न होणाऱ्या अक्षरात ‘स’नंतर केवळ तो गोल ‘ई’ येतो, ‘ऊ’ कधीच येत नाही. ‘फ’ आणि ‘क’नंतर नेमके उलट. ‘पुस्तक’ कोणी ‘सू’ म्हणून उच्चारले तरी ऐकणाऱ्याची गफलत होत नाही, कारण ‘सू’ असा दुसरा शब्दच भाषेत नाही. हे दोन स्वर समोरासमोर येतात ते थोड्या बंद अक्षरांत, उदाहरणार्थ ‘अधिकारी’ आणि ‘देणगी देणे’ या अर्थांच्या शब्दांत. याउलट ‘रस्ता’ आणि ‘कोंबडी’ यांत दीर्घ ‘आ’ व आखूड, ‘अ’च्या जवळचा स्वर एवढाच भेद आहे, आणि अशा जोड्या भाषेत विपुल आहेत. तो भेद गमावणे महाग पडेल. पहिला गमावणे स्वस्त आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही. त्यांना ऐकू येतो तो बिघाड. परंतु सॅम्युअल वेल्स विल्यम्स यांचा 1856 चा कँटनीज कोश पाहिला, तर ‘कविता’ आणि ‘चिंतन’ या अर्थांचे दोन शब्द तेथे व्यंजनाने आणि स्वरानेही वेगळे नोंदवलेले दिसतात. आजच्या हाँगकाँगमध्ये ते दोन्ही एकसारखे ‘सी’ ऐकू येतात. म्हणजे मुलांना शुद्ध म्हणून शिकवली जाणारी भाषाही एक स्वर हरवून बसलेली आहे. फक्त तो हरवल्याची आठवण कोणाला नाही. हाँगकाँगमधील तरुणांच्या उच्चारांनाही ‘आळशी’ म्हणण्याची रीत आहे, मात्र तेथला मुख्य आक्षेप ‘न’चा ‘ल’ होण्यासारख्या व्यंजनबदलांवर आहे. ही टीका घरच्या अंगणातली आहे. ज्याच्यावर ती होते त्याचे हाँगकाँगकर असणे कोणी नाकारत नाही.

परदेशात जन्मलेल्यांसाठी शब्द निराळा आहे : ‘जूक-सिंग’. मूळ अर्थ बांबूचा दांडा. बांबू पोकळ खरा, पण पेरांनी अडलेला. पाणी एका टोकातून ओतले तर दुसऱ्यातून निघत नाही. एका शब्दात दोन संस्कृतींपासून तुटल्याचा आरोप आहे. मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ (1976) मध्ये कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मुलीच्या जिभेखालचा पडदा आई कापते. जीभ कोणत्याही भाषेत फिरावी म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे. मुलगी मात्र शाळेत गप्पच राहते. या प्रसंगाकडे स्थलांतरितांच्या मौनाचे प्रतीक म्हणून पाहण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. जिभेची दुरुस्ती करू पाहणारा हात घरचाच आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

उच्चारांच्या अभ्यासकाला येथे एक व्यावहारिक अडचण येते. तासभर कँटनीजमध्ये बोलण्यास जो तयार होतो, त्याचाच आवाज संग्रहात जातो. त्याचे स्वर मोजता येतात, त्यांचे नकाशे काढता येतात, आईवडिलांच्या पिढीशी त्यांची तुलना करता येते. ‘पुस्तक’ शब्दावर घरात हसू झाल्यानंतर जो इंग्रजीतच उत्तरे देऊ लागला, त्याचा स्वर कोणत्याही मुद्रणात नाही.