नाव बंदराचे, घाम दरीचा

पोर्तो शहरातून पूर्वेकडे निघालेली आगगाडी तासाभराने दोरू नदीच्या काठाला लागते आणि मग बराच काळ तिची संगत सोडत नाही. दोन्ही बाजूंचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले दिसतात. प्रत्येक पायरीला चुन्याविना रचलेल्या दगडांचा बांध आणि बांधाआड द्राक्षवेलींची ओळ. येथे मुळात माती नव्हतीच. होता तो पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मजुरांनी तो फोडून वेलींसाठी जमीन तयार केली. ह्या दरीच्या मद्याला जगाने मात्र ‘पोर्ट’ असे नदीमुखाशी वसलेल्या बंदराचे नाव दिले. दरीत पिकणारे आणि बंदरात मोल पावणारे असे हे मद्य आहे. त्याचा इतिहास म्हणजे ह्या दोन स्थळांतील विषम नात्याचा इतिहास होय.

1703 च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज मद्यावरील इंग्लंडमधील जकात फ्रेंच मद्याच्या जकातीपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरली आणि त्या मोबदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून मद्यात एल्डर नावाच्या झुडपाच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला. पुढे भाव कोसळले. तेव्हा 1756 मध्ये राजाचा मंत्री सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यो इ मेलो ह्याने एक मक्तेदार कंपनी स्थापन केली, द्राक्षमळ्यांच्या सीमा आखल्या आणि त्या सीमांवर ग्रॅनाइटचे खांब रोवविले. हाच पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला. गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तो अपरिचित नाही. 1759 मध्ये जेझुइट पंथीयांना गोव्यासह सर्व पोर्तुगीज मुलखातून हद्दपार करण्यात आले, त्यामागे त्याचाच हात होता. मक्तेदारीने मद्याची शुद्धता राखली, पण पोर्तोतील गुत्तेवाल्यांच्या पोटावर पाय आला. फेब्रुवारी 1757 मध्ये शहरात दंगल उसळली. तीत स्त्रियाही सामील होत्या. त्या दंगलीबद्दल अनेकांना फासावर चढविण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा ह्या मुळे पोखरणाऱ्या किडीने मळे उजाड केले. ज्या बांधांवर पुन्हा वेली चढल्याच नाहीत, त्यांना स्थानिक लोक ‘मॉर्तोरियो’ म्हणतात. त्या नावातच मृत्यू आहे. आज त्यांवर रानझुडपे माजलेली दिसतात.

पिन्यांव गावाच्या वर, एका लहान मळ्यात, यजमानांनी मला ग्रॅनाइटचा उथळ हौद दाखविला. सुगीत माणसे खांद्याला खांदा लावून त्यात द्राक्षे तुडवितात. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क घालतात. आंबणे तेथेच थांबते आणि फळाची गोडी मद्यात उरते. पूर्वी सुगीनंतर भरलेली पिंपे ‘राबेलो’ ह्या चौकोनी शिडाच्या होड्यांतून, खळाळ चुकवीत, पोर्तोसमोरच्या विला नोव्हा द गाया येथील वखारींत उतरविली जात. 1887 मध्ये लोहमार्ग स्पेनच्या सीमेला भिडला आणि होड्यांचे महत्त्व ओसरू लागले. पुढे धरणांनी खळाळही बुडविले. वखारींचे वर्चस्व मात्र टिकले. 1926 च्या कायद्याने निर्यातीचे मद्य गायातूनच पाठविणे बंधनकारक केले होते. तो निर्बंध 1986 मध्ये उठला, तेव्हा कोठे दरीतल्या शेतकऱ्याला आपले पोर्ट आपल्या दारातून परदेशी पाठविण्याची मुभा मिळाली.

यजमानांनी दोन पेले भरले. पहिल्यात लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरलेले, तांबूस-पिंगट पोर्ट होते. सुके अंजीर आणि अक्रोड ह्यांची आठवण करून देणारे. दुसऱ्यात त्याच बांधांवरच्या द्राक्षांचे, पण मद्यार्क न घातलेले, गोडीविरहित लाल मद्य. ते जिभेला काहीसे तुरट लागले. असे मद्य येथे पूर्वीपासून होते, परंतु ते बहुतांशी घरच्या जेवणापुरते; बाजारात त्याला प्रतिष्ठा आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 2001 मध्ये युनेस्कोने ह्या दरीला जागतिक वारशाचा मान दिला, तो मनुष्यश्रमांनी घडलेला भूप्रदेश म्हणून.

यजमानांनी दुसरी बाटली माझ्याकडे वळवून तिच्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवले. तेथे बंदराचे नाव नव्हते; ‘दोरू’ असे लिहिलेले होते.